चार मिलिमीटरची मिशी

मस्तगड, जालना
४ ऑगस्ट २०२४

चि. कल्याणराव,

'राव' मुद्दाम लावलं आहे. आठ वर्षांनी पत्र लिहिताना नुसतं 'कल्याण' म्हणायचा हक्क आपल्याकडे उरला आहे की नाही, मला ठाऊक नाही. अक्षर ओळखलं असशीलच. दुसरीत असताना तुझी पाटी मी भरून द्यायचो आणि शाबासकी तू घ्यायचास, ते हेच अक्षर.

फोन का केला नाही म्हणशील. आवाज बसला आहे. होळीला बसला तो उठायचं नाव घेईना. मोंढ्यात धान्याच्या हर्रासाची बोली लागताना तुरीच्या ढिगावर उभं राहून मी पुकारा केला की पार रस्त्यावरच्या चहावाल्याला भाव कळायचा. आता शेजारी उभा असलेला व्यापारीसुद्धा कानाला हात लावून 'काय? काय?' करतो. तुझ्या संध्यावहिनीचं हळददूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी जूनमध्ये संध्याने मला अक्षरशः धरून संभाजीनगरला नेलं. नाकातून दुर्बीण घातली. डाव्या स्वरतंतूवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आहे. तुकडा तपासला. कॅन्सर आहे. लिहून टाकलं बघ एकदाचं. तोंडाने अजून म्हटलेलं नाही.

डॉक्टर म्हणतात, लहान आहे, लवकर सापडली. अठ्ठावीस दिवस शेक घ्यायचा, म्हणजे किरणांचा. आवाज वाचायची चांगली आशा आहे. पण शेकाने गाठ गेली नाही तर स्वरयंत्रच काढावं लागेल आणि गळ्याला कायमचं भोक. मोंढ्यातले शहाणे सांगतात, 'शेकाच्या नादी लागू नका, एकदाच कापून मोकळे व्हा.' तीस वर्षं मी आवाजावर घर चालवलं. आवाज काढून टाकला तर मागे नुसता धोतर नेसलेला खांब उरेल.

तू असल्याच मशीनवर काम करतोस एवढं मला माहीत आहे. तुझ्या नोकरीचं कोडं अण्णांनाही, जन्मदात्या बापाला, शेवटपर्यंत नीट सुटलं नाही. 'दवाखान्यात हाय पन डॉक्टर न्हाई, मंग हाय कोन?' असं विचारायचे. काकू मात्र गावाकडे राजूरभर सांगते की आमचा कल्याण केरळात दवाखान्याची लाईट बघतो. लोक बिघडलेले पंखे तिच्या ओसरीवर आणून ठेवतात, कल्याण आला की दुरुस्त करील म्हणून. सध्या तीन आहेत. आई गेल्यावर आपल्या दोघांना तिनेच वाढवलं, म्हणून मी काही बोलत नाही.

घाटावर जे झालं त्याबद्दल लिहीत नाही. ते वेगळं. एवढंच सांग, शेक घेऊ की कापू?

धर्मराज

(आधी 'दादा' लिहिलं होतं. खोडलं.)


मस्तगड
२५ ऑगस्ट

कल्याणराव,

पत्र पोहोचलं. 'रेडिएशन घे. बिडी आजपासून बंद. वजन कमी होऊ देऊ नकोस. मशीनखाली हलू नकोस.' वर नमस्कार नाही, खाली सही नाही. तारेतसुद्धा माणसं याहून जास्त बोलायची. पण पाकिटावर पत्ता घालताना 'दादा धर्मराज' लिहिलंस, आणि पोस्टमनने जिन्यातून ओरडून विचारलं, "दादा धर्मराज कोन हाय इथं?" संध्या ते पाकीट देवघरात ठेवायला निघाली. मी खुणेनं सांगितलं, लाईट बिलाच्या पिशवीत ठेव. तिने देवघरातच ठेवलं.

बिडी बंद आहे. बंडल संध्याने बंबात घातलं.

शेकाची तयारी झाली. मला फळीवर उताणं निजवलं आणि गरम पाण्यातून काढलेली पांढरी प्लास्टिकची चादर तोंडावर, खांद्यांवर दाबून बसवली. दहा मिनिटांत ती कडक झाली आणि माझ्या तोंडाची हुबेहूब जाळी तयार. नाक, हनुवटी, मिशीचा फुगवटासुद्धा. रोज हीच जाळी घालून फळीला अडकवणार, म्हणजे मान रोज तिथल्या तिथे राहील. मग तशीच जाळी घालून सीटी स्कॅन काढलं.

हे सगळं एका पोरीने केलं. फरहाना नाव, वडीगोद्रीची. मी बरोबर ठेवलेल्या पाटीवर लिहून विचारलं, 'डॉक्टरीणबाई, गाठ कधी जाईल?' ती हसली.

"चाचा, मी डॉक्टर न्हाई. फिजिसिस्ट हाय. कुठं किती द्यायचं ते डॉक्टर सांगतेत. मशीन बराबर तिथंच अन् तेवढंच देऊन राह्यली का, ते मी बघते."

मी बघतच राहिलो. अण्णांचं कोडं वडीगोद्रीच्या पोरीने एका वाक्यात सोडवलं. आपल्या घरातला एक माणूस हेच काम करतो आणि आम्ही त्याच्याकडून पंखे दुरुस्त करून घ्यायला बसलो आहोत.

जाताना तिने बोट दाखवून बजावलं, "वजन, केस, दाढी, मिशी, काहीच बदलू नका. शेक संपेपर्यंत हेच तोंड पाहिजे मला." मी मिशीवर हात ठेवून मान डोलावली.

तुझा,
धर्मराज


संभाजीनगर, दवाखान्याच्या बाकावरून
१३ सप्टेंबर

कल्याण,

दहा झाले.

पहाटेची गाडी पकडतो, त्यामुळे सगळ्यांच्या आधी पोहोचतो. रोज बघतो, पहिला शेक माणसाला नसतोच. फरहाना आधी प्लास्टिकच्या जाड पाट्या फळीवर ठेवते, आत वायरवालं यंत्र खुपसते, बाहेर येऊन बटण दाबते आणि आकडा वहीत लिहिते. मोंढ्यात काटा सुरू करायच्या आधी आपण प्रमाणित वजन ठेवून बघतो, तसंच. आकडा पटला तर पेशंट आत. एक दिवस पटला नाही. बाहेर पंधरा माणसं बसलेली, एकजण 'जल्दी करा' म्हणून आवाज चढवायला लागला. ती बधली नाही. तासाभराने आकडा पटला तेव्हाच दार उघडलं. मला तुझी आठवण झाली. लहानपणी गणिताचं उत्तर जुळेपर्यंत तूसुद्धा जेवायला उठायचा नाहीस आणि काकू ताटावर ताट झाकून बसायची.

मी तिला पाटीवर विचारलं, फोटोचे किरण आणि हे किरण वेगळे का? म्हणाली, "जात एकच चाचा. थोडे सोडले तर फोटो निघतो, जोरात सोडले तर गाठ मरते." मग कातडी कशी जळत नाही? तर म्हणाली, "मशीन तुमच्याभोती फिरतं ना. वाटंतल्या जागेला थोडं थोडंच लागतं. गाठीवर समदं जमतं." राजूरला विहिरीकडे चारी शेतांतून पायवाटा येतात. प्रत्येक वाटेवर गवत आहे, पण विहिरीच्या काठी एक काडी उगवत नाही. मी तिला ते चित्र काढून दाखवलं. तिने पाटीचा फोटो काढून घेतला, दुसऱ्या पेशंटांना समजवायला. वीस मिनिटं मला फार मोठा माणूस झाल्यासारखं वाटलं.

गळा आतून सोलला आहे. आवाज तर आणखी गेला. डॉक्टर म्हणतात, असंच होतं, तीन महिन्यांनी खरं काय ते कळेल. गणपतीत गल्लीतली आरती मी सांगायचो. या वर्षी नुसता टाळ धरून उभा राहिलो.

काकूचं काही ठीक नाही. अन्न सोडलं आहे. तुला कळवावं असं संध्या म्हणाली, मलाही वाटलं.

धर्मराज


मस्तगड
६ ऑक्टोबर

कल्याण,

काकू गेल्याचं तुला संध्याने कळवलं. तुझा निरोपही मिळाला. विमानाला, रेल्वेला, कशालाही वेळेवर जागा नव्हती, हे मला पटलं. यात तुझी चूक नाही. हे आधी लिहितो, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात चूक माझी आहे.

काकूला मूलबाळ नाही, अग्नी मीच दिला. सुतकात राजूरहून रोज शेकाला जात होतो. फरहानाला एवढंच लिहून दाखवलं की घरात मयत झालं. ती "सॉरी चाचा" म्हणाली, आणि पुढे मी काही लिहिलं नाही. दहाव्याला काय करावं लागतं हे तिला सांगावं लागलं असतं.

दहाव्याला घाटावर सगळी भावकी बसली होती. कचरू न्हाव्याने वाटीत पाणी घेतलं. मला फरहानाचं बोट आठवलं. खोटं लिहीत नाही, आठवलं. संध्या बायकांतून नाही-नाही अशी मान हलवत होती. कचरूलाही कुणीतरी कानात सांगितलं असावं, कारण तो म्हणाला, "मालक, तुमचं दुखनं हाय. बटभर काढू अन् बास करू. काकूला समजंल."

काकूला समजलं असतं. भावकीलाही समजलं असतं. पण आठ वर्षांपूर्वी अण्णांच्या दहाव्याला याच घाटावर, याच पायरीवर, केस दिले नाहीत म्हणून मी तुला काय काय बोललो होतो! आता माझ्यावर आलं तर कारण सांगून सुटू? मी डोकं पुढे केलं. मिशीसकट सगळं दिलं. आरशात पाहिलं तर अण्णाच दिसले.

सोमवारी जाळी घातली, तर ती आत वाजायला लागली. टक्कल आत सरकत होतं. तरी मी गप्प पडून राहिलो. शेकाच्या आधी ते रोज एक फोटो काढतात आणि पहिल्या सीटीवर ठेवून हाडं जुळवतात. फोटो काढला. पुन्हा काढला. मग दिवे लागले आणि फरहाना आत आली. जाळी उचलली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"चाचा, ये क्या किया? मी काय बोलले होते?"

मी लिहिलं, 'कटिंग न्हाई केली. काकूला केस दिले.'

तिने पाटी वाचली, जाळी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "चार मिलिमीटर सरकली मान. तुमची गाठ केवढी, म्हाईत हाय ना? आज देणार न्हाई मी. बिलकुल न्हाई. नवीन मास्क, नवीन सीटी, नवीन प्लॅन."

"किती दिवस?" मी बोटांनी विचारलं.

"तीन. अन् मधी खंड पडला की गाठीला दम खायला मिळतो. म्हणून रागावते." तिचे डोळे भरले होते. घरी गेल्यावर अब्बांनाही अशीच बोलत असेल.

ती फोटो न बघता बटण दाबणारी असती तर? अठरा शेक झाले होते, एकोणिसावा भलतीकडे पडला असता आणि मला कळलंही नसतं. ते तीन दिवस मी घरात नुसता बसून होतो. गळ्यात ती गाठ वाढते आहे असं दर घटकेला वाटायचं. गिळताना दुखलं तरी बरं वाटायचं, म्हणजे अजून किरणांचा काही धाक आहे तिला. भीती वाटली रे कल्याण. तुझ्याजवळ नाही सांगणार तर कुणाला सांगू.

गुरुवारपासून पुन्हा सुरू झालं. वीस झाले. जुनी जाळी त्यांनी मला देऊन टाकली. खुंटीवर लावली आहे, मिशीवाली. संध्या जाता-येता तिलाच 'चहा घेता का' म्हणून विचारते.

दादा


मस्तगड
२० ऑक्टोबर

प्रिय कल्याण,

अठ्ठावीस पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी फरहानासाठी अंबडची मोसंबी नेली होती. तिने सगळ्या बाकावर वाटून टाकली.

तुझं पत्र दोन वेळा वाचलं. मानेचं चित्र काढून चार मिलिमीटर कुठे जातात ते समजावलंस, मणक्यातली दोरी कुठे ते दाखवलंस. वाचून घाम फुटला. एवढं समजावलंस आणि एका शब्दाने रागावला नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर पुकारा केला असता. आणि शेवटी विचारलंस, 'काकू शेवटी काय बोलली?'

आदल्या दिवशी शुद्धीत होती. संध्याला म्हणाली, "ते पंखे पुसून ठिव गं. धूळ बसली तं कल्याण चिडंल." एवढंच. काही मोठं बोलली नाही.

आता माझं. मागच्या पत्रात मी लिहिलं की केस दिले नाहीत म्हणून तुला बोललो. आठ वर्षं मोंढ्यात, राजूरला, संध्यालासुद्धा मी हेच सांगत आलो. ते अर्धंच आहे. बाकीचं तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तरी लिहितो, म्हणजे माझ्या अक्षरात राहील.

अण्णांना घास अडकायला लागला तो जानेवारी होता. तुझा फोन आला, 'दादा, आठ दिवसांत दुर्बीण कर.' मी हो म्हटलं. तुरीचा हंगाम होता. रोज पाच-पाच हजार पोती, एक दिवस सुटी घ्यायला जीव होईना. पुन्हा तुझा फोन, पुन्हा मी हो म्हटलं. नेलं तेव्हा मार्च लागला होता. डॉक्टरने सीटी उजेडावर धरलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, इतके दिवस कुठे होता?

घाटावर कचरू तुझ्यापुढे बसला, तेव्हा तू माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणालास, "दादा, केसाचं ऱ्हाऊ दे. तवा आठ दिवसांत न्यायचं होतं." कुणालाही ऐकू गेलं नाही. मला एकट्याला. मी जे ओरडलो ते मात्र नदीपलीकडे गेलं. 'केस न देनारा माझा भाऊ न्हाई! एकवार, दोनवार, तीनवार!' लोकांना वाटलं, धर्मराज धर्माला धरून आहे. तू खाली मान घालून निघून गेलास आणि खरं कारण कुणाला सांगितलं नाहीस. माझी लाज तू आठ वर्षं झाकून ठेवलीस. तू खरं बोलला होतास आणि ते झाकायला मला ओरडावं लागलं. देवाने नेमका तोच गळा धरला, असं रात्रंदिवस मनात येतं. फरहानाला लिहून दाखवलं तर म्हणाली, "देव न्हाई चाचा, बिडी."

मला माफ कर. अण्णांच्या बाबतीतही, तुझ्या बाबतीतही.

आणि एक. तू मोंढ्यात फारसा आला नाहीस म्हणून सांगतो. तीनवार पुकारा झाला म्हणजे सौदा पक्का, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. ज्याचा माल आहे त्या शेतकऱ्याला भाव पटला नाही, तर तो पोत्यावर हात ठेवून 'माल देत न्हाई' म्हणतो आणि पुकारा मोडतो. मोठमोठ्या व्यापाऱ्यांना त्याचा नकार ऐकून घ्यावा लागतो. पुकारा करणाऱ्याला स्वतःचा पुकारा मोडता येत नाही. ते मालवाल्याच्याच हातात असतं.

आवाजाचं जानेवारीत कळेल. परत आला तर तुझा, गेला तरी तुझाच,

दादा


मस्तगड
२६ जानेवारी २०२५

कल्या,

परवा, शुक्रवारी, तीन महिन्यांची तपासणी होती. संध्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मला सांगत होती उपास आहे. शुक्रवारी ती कधीच उपास करत नाही.

मधल्या काळात मला थोडंथोडं बोलायची परवानगी होती, पण मी बोललो नाही. संध्याला वाटलं, डॉक्टरांचं ऐकतो. तसं नव्हतं. तोंड उघडलं आणि नुसती हवा आली तर काय, या भीतीने पाटीच बरी वाटत होती.

डॉक्टर नवीन होता, पोरगेलासा. नाकातून दुर्बीण घातली, समोरच्या पडद्यावर माझे स्वरतंतू. फरहाना दाराशी येऊन उभी होती, तिचं तिथे काही काम नव्हतं. डॉक्टर म्हणाला, 'ईऽऽ म्हणा.' मी म्हटलं. पडद्यावर दोन पांढऱ्या दोऱ्या जवळ आल्या आणि थरथरल्या. ज्वारीचा दाणा नव्हता. त्याने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. फरहानाने संध्याचा हात धरला.

"गाठ दिसत नाही," तो म्हणाला. दुर्बीण काढली. "आता काहीतरी बोला बघू. मोठ्याने. काहीही बोला."

काय बोलायचं ते माझं ऑक्टोबरपासून ठरलेलं होतं. मी खुर्चीत ताठ बसलो, हनुवटी उचलली, ढिगावर उभा राहून करतो तसा श्वास भरला. आवाज आला कल्याण. चिरकलेला, फाटक्या ढोलासारखा, पण आला. बाहेर बाकावरची माणसं वळून बघायला लागली, असं संध्या सांगते.

"कल्याण! कल्याण! कल्याण!"

तीनवार.

संध्या रडायला लागली. फरहाना हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. तो बिचारा डॉक्टर आम्हां तिघांकडे बघत राहिला. त्याने माझी फाइल नर्सकडे दिलेली होती.

माझ्या ऑक्टोबरच्या पत्राला तीन महिन्यांनी, काल तुझं कार्ड आलं. पुन्हा सही नाही. तीन शब्द, 'माल देत न्हाई.' मी ते मोठ्याने वाचलं, आवाजाने, पाटीवर नाही. मग पुन्हा वाचलं. संध्या म्हणाली, आता पुरे, शेजारी जमतील.

फोन करीन. पुढच्या रविवारी सकाळी दहाला. उचल. आणि उन्हाळ्यात ये. पंखे पुसून ठेवले आहेत. लाईटवाला माणूस कधी येणार म्हणून राजूर वाट बघून राह्यलं आहे.

दवाखान्याचं एक सांगायचं राहिलं. निघताना त्या डॉक्टरने मला दारापर्यंत सोडलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कल्याणकाका, आवाज मस्त आला. आता जपा त्याला."

मी हो म्हटलं. नाव दुरुस्त केलं नाही.

दादा